वेगळे ठेवाल तर खत, मिसळाल तर कचरा



पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या घराजवळ उकिरडा असे. गोठ्यातील शेण, जनावरांनी खाऊन उरलेली वैरण, चुलीतील राख, भाजीची देठे, झाडलोटीचा पालापाचोळा असे सर्व काही त्यात पडत असे. त्यात पडणारी प्रत्येक वस्तू कुजणारी किंवा मातीत मिसळणारी होती. त्यामुळे वैशाखात उकिरडा उपसून शेतात नेताना काही निवडावे लागत नसे. आज तोच उकिरडा उपसला तर शेणाबरोबर कॅरीबॅग, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, वापरलेले सेल आणि इंजेक्शनच्या सुयासुद्धा निघतात. हे सर्व शेतात गेले की परत काढता येत नाही. म्हणून आता कचऱ्याचा विचार घरच्या केराच्या टोपलीपासूनच करणे आवश्यक झाले आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोल्हारचेच उदाहरण घेऊ. नगर-मनमाड महामार्गावरील, प्रवरेच्या काठचे हे बाजारगाव. येथूनच लोणी, संगमनेर, अकोलेमार्गे घोटीकडे रस्ता जातो. भगवतीदेवीच्या दर्शनाला भाविक येतात, हॉटेले व रसवंत्या चालतात, आठवडे बाजार भरतो. सभोवती ऊस, फळबागा आणि दुभती जनावरे आहेत. अशा गावात शहराचा कचरा आणि शेतीचे अवशेष शेजारी शेजारी तयार होतात. योग्य नियोजन केल्यास ही गावाची जमेची बाजू ठरेल, आणि दुर्लक्ष केल्यास जमीन, पाणी व जनावरे या तिघांनाही त्याचा उपद्रव होईल.

प्रवरेच्या एका तीरावर राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुक व भगवतीपूर, तर दुसऱ्या तीरावर राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्द आहे. येथे ओढ्यात टाकलेली पिशवी पहिल्या पुराबरोबर नदीत जाते. पुढे ही नदी बेलापूर, नेवासे या गावांवरून प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. तेथून हे पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. आपला कचरा दृष्टीआड झाला तरी तो कोणाच्या तरी विहिरीत, कालव्यात किंवा शेतात पोहोचतोच.

शहरांच्या अनुभवातून काय शिकावे?

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून कचरा टाकला जात आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर राहिला. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे उघड्यावर टाकला गेला. त्या परिसरातील विहिरींचे पाणी दूषित झाले आणि ग्रामस्थांना वारंवार आंदोलने करावी लागली. कचरा शहराचा, पण त्रास शेतकऱ्यांच्या गावांना, असे हे उदाहरण आहे.

पुण्यातच दुसरे, चांगले उदाहरणही आहे. कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातून पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था सुरू झाली. या संस्थेच्या सभासद घरोघर जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात आणि सुक्यातील विक्रीयोग्य माल निवडून विकतात. दोन्ही उदाहरणांतील फरक ध्यानात घ्यावा. कचरा घरातच वेगळा झाला तर त्याची किंमत मिळते. एकदा मिसळला की तो निवडायला दुप्पट श्रम लागतात आणि तरीही तो स्वच्छ होत नाही. म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली.

घरात तीन भांडी ठेवा

१) ओला कचरा : भाजीपाल्याची देठे व साली, उष्टे अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, निर्माल्य, पालापाचोळा. हे सर्व कुजते.

२) सुका कचरा : कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक, रबर, चिंध्या. हे कोरडे व स्वच्छ ठेवल्यास भंगारवाला घेतो. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नये, तो पिशवीलाच राहू द्यावा. सुटा तुकडा कोणी वेचत नाही आणि तोच मातीत जातो. पिशवी विसळून वाळवावी.

३) घातक कचरा : वापरलेले सेल, ट्यूब व बल्ब, मुदत संपलेली औषधे, सुया, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या. लहान मुलांचे डायपर व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत. यांपैकी काहीही खताच्या खड्ड्यात किंवा चुलीत टाकू नये.

खिळे, तारांचे तुकडे व ब्लेड यांसाठी एक जुना डबा ठेवावा. गायी-म्हशी चारा नीट न चावता गिळतात. चाऱ्यातून गेलेली तार पोटात अडकून हृदयापर्यंत टोचू शकते. उष्ट्या अन्नासह गिळलेल्या कॅरीबॅगा पोटात साठून जनावराचे खाणे व रवंथ बंद होते. म्हणून शिळे अन्न पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नये.

घरच्या खताचा हिशेब

समजा, एका कुटुंबाचा ओला कचरा दररोज १ किलो निघतो. वर्षाला तो ३६५ किलो होईल. कुजताना त्यातील पाणी व कर्ब निघून जाऊन सुमारे चतुर्थांश, म्हणजे ९० किलोच्या आसपास खत हाती येईल. खतात १ टक्का नत्र धरला तर तो १ किलोपेक्षाही कमी भरतो. याउलट उसाच्या लागणीला हेक्टरी २५ टन, म्हणजे एकरी १० टन शेणखत लागते. तेव्हा स्वयंपाकघरातील कचऱ्यावर उसाचे शेत पिकेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हे खत परसबाग, कुंड्या, रोपवाटिका व दारची फळझाडे यांसाठी पुरेसे आहे. शेताला लागणारा सेंद्रिय माल शेतातच मिळतो. तो म्हणजे पाचट, तूर व कपाशीच्या काड्या, सोयाबीनचा भुसा, गव्हाचे काड आणि शेण.

मात्र या हिशेबाची दुसरी बाजू मोठी आहे. घरातील ९० किलो खताने एकराला फार फरक पडणार नाही, पण त्यात मिसळलेल्या काचा, सेल व प्लॅस्टिकने एकर खराब होऊ शकतो. हेच वर्गीकरणाचे खरे कारण आहे.

सदनिकेत किंवा लहान घरात खत कसे करावे?

अंगण नसलेल्यांनी आणि शहरात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी पुढील पद्धत वापरावी.

सुमारे २० लिटरची जुनी बादली घेऊन तळाला व बाजूंना भोके पाडावीत. तळाशी २ इंच नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला घालावा. त्यावर मूठभर जुने खत अथवा सुके शेण पसरावे. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा व तो झाकेल एवढा वाळलेला पाला वर घालावा. आठवड्यातून दोनदा काडीने हलवावे. बादली भरल्यावर दीड ते दोन महिने सावलीत ठेवावी व तोपर्यंत दुसरी वापरावी. खत तयार झाले की ते काळसर, भुसभुशीत होते व त्याला पावसाळी मातीचा वास येतो.

दुर्गंधी आल्यास ओल जास्त झाली असे समजावे. अशा वेळी वाळलेला पाला घालून हलवावे. मुंग्या झाल्यास माल कोरडा पडला आहे. त्यावर पाण्याचा हलका शिपका द्यावा. तेलकट पदार्थ, लोणची, मांस व हाडे या लहान बादलीत टाकू नयेत.

शेतावरील दोन पद्धती

नाडेप पद्धत : यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत विकसित केली व त्यांच्याच आद्याक्षरांवरून तिला नाव पडले. जमिनीवर आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधतात. भिंतीत हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवतात. पहिला थर ६ इंच काडीकचऱ्याचा, त्यावर ४ ते ५ किलो शेण पाण्यात कालवून शिंपडावे आणि त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती पसरावी. असे थर देत टाके एक-दोन दिवसांत भरावे. भिंतीच्या वर दीड फुटापर्यंत ढीग करून शेणमातीने लिंपावे. दोन-तीन आठवड्यांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपून घ्यावे. एकूण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा व ९० ते १०० किलो शेण लागते. ओल टिकवल्यास ९० ते १२० दिवसांत २.५ ते ३ टन खत मिळते. या वजनात मातीचाही वाटा असतो. थोड्या शेणात जास्त खत, हा या पद्धतीचा फायदा आहे.

गांडूळ खत : यासाठी आयसेनिया फेटिडा ही गांडुळाची जात वापरतात. सावलीत ३ फूट रुंदीचा गादीवाफा करावा. ताजे शेण वापरू नये, त्याच्या उष्णतेने गांडुळे मरतात. शेण १५ ते २० दिवस थंड होऊ द्यावे व काडीकचरा अर्धवट कुजवून घ्यावा. वाफ्यावर गोणपाट अंथरून ओल ४० ते ५० टक्के राखावी. खत ४५ ते ६० दिवसांत तयार होते. काढण्यापूर्वी ५-६ दिवस पाणी बंद करावे म्हणजे गांडुळे खाली जातात. लिंबूवर्गीय फळांच्या साली, मिरची, कांदा-लसणाचा कचरा जास्त प्रमाणात टाकू नये. कोंबड्या, उंदीर व मुंग्या यांपासून वाफ्याचे संरक्षण करावे.

पाचट जाळू नका

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले. या भागात ऊस हे प्रमुख पीक आहे. एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. पाचटात नत्र ०.४२ ते ०.५० टक्के असतो. म्हणजे ८ टन पाचटात ३४ ते ४० किलो नत्र असतो. तेवढा नत्र युरियातून द्यायचा तर ७४ ते ८७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या लागतील. काडी लावल्यावर हा नत्र जवळजवळ सर्व हवेत जातो, सेंद्रिय कर्ब नष्ट होतो आणि वरच्या थरातील उपयुक्त जीवाणू मरतात.

पाचट ठेवले की खोडवा पिवळा पडतो, अशी तक्रार काही शेतकरी करतात. त्याचे कारण समजून घ्यावे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा असतो. ते कुजवणारे जीवाणू स्वतःसाठी लागणारा नत्र जमिनीतून उचलतात व तेवढा काळ पिकाला नत्र कमी पडतो. म्हणून १ टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू संवर्धक द्यावे. ८ टन पाचटासाठी हे प्रमाण ६४ किलो युरिया, ८० किलो सुपर फॉस्फेट व ८ किलो संवर्धक असे होते. संवर्धक रासायनिक खतात न मिसळता शेणखतात मिसळून टाकावे.

तोडणीनंतर पाचट सरीत दाबून बसवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पाणी द्यावे. खोडव्याची खते पहारीने छिद्रे घेऊन दिल्यास आच्छादन विस्कटत नाही. पाचटामुळे तण कमी उगवते व ओल टिकते. प्रवरेचे कालवे भंडारदरा धरणाच्या पाण्यावर चालतात. हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्याचा अतिवापर झालेल्या ठिकाणी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तेथे कमी पाण्यात ओल टिकवणारे आच्छादन आणि सेंद्रिय कर्ब या दोन्हींची गरज अधिक आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी आल्यास जमीन त्याबाबतीत गरीब समजावी.

शहरी कंपोस्ट विकत घेताना

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टची प्रत ठरवून दिली आहे. त्यानुसार एकूण सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, सामू ६.५ ते ७.५ आणि विद्युत वाहकता ४ पेक्षा जास्त नसावी. शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. गोणीवर ही माहिती छापलेली पाहूनच खत घ्यावे व पावती जपून ठेवावी.

घरीही दोन परीक्षा घ्याव्यात. मूठभर खत पांढऱ्या कागदावर पसरून काच व प्लॅस्टिकचे कण पाहावेत. नंतर एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत ३ भाग माती व १ भाग खत घेऊन प्रत्येकी १० मेथीचे दाणे पेरावेत. आठवड्याने खताच्या कुंडीत उगवण कमी दिसली तर ते खत कच्चे किंवा क्षारयुक्त आहे असे समजून शेतात घालू नये.

शेतातील प्लॅस्टिक व औषधांच्या बाटल्या

ठिबकच्या जुन्या नळ्या गुंडाळून पुनर्प्रक्रियेसाठी विकाव्यात. बांधावर टाकू नयेत व जाळू नयेत. आच्छादनाचा पातळ कागद पीक निघताच, उन्हाने ठिसूळ होण्याआधी गोळा करावा. नांगरट झाल्यावर त्याचे तुकडे निवडणे अशक्य होते.

कीटकनाशकाची बाटली रिकामी झाल्यावर तीन वेळा विसळावी व ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. बाटलीला भोक पाडावे, म्हणजे तिचा कोणी पुन्हा वापर करणार नाही. ती विहीर, ओढा, पाट यांजवळ टाकू नये. अशा बाटलीत तेल, रॉकेल किंवा पिण्याचे पाणी भरणे जिवावर बेतू शकते.

ऋतुमानानुसार कामे

चैत्र ते ज्येष्ठ (उन्हाळा) : टाकी व खड्डे भरून घ्यावेत. वाळलेल्या पाल्याच्या गोण्या भरून ठेवाव्यात, पावसाळ्यात ओल्या कचऱ्यावर घालण्यास त्या उपयोगी पडतात. वळवाच्या पावसापूर्वी गटारे, ओढे व शेताच्या चाऱ्यांतील कॅरीबॅगा वेचाव्यात. वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, कारण पहिल्या पाण्याबरोबर सर्व प्लॅस्टिक नदीत व शेतात जाते.

आषाढ ते भाद्रपद (पावसाळा) : खताच्या ढिगावर छप्पर अथवा ताडपत्री घालावी, नाहीतर अन्नद्रव्ये वाहून जातात. जुने टायर, करवंट्या, फुटके डबे यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे एडिस डास अंडी घालतात. अंड्यापासून डास होण्यास ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत. गणेशोत्सवात शाडूची मूर्ती बसवावी. निर्माल्य प्रवरेत न सोडता वेगळे घ्यावे, त्यातील दोरे व थर्माकोल काढून खत करावे.

आश्विन ते मार्गशीर्ष : नवरात्रातील फुले, घटाची माती व दसऱ्याचे तोरण खतात जाऊ द्यावे. दिवाळीच्या साफसफाईत निघणारे जुने कपडे, भांडी, रद्दी व बिघडलेली विजेची उपकरणे वेगवेगळी करून द्यावीत. गाळप सुरू होताच पाचटाचे नियोजन करावे.

पौष ते फाल्गुन : थंडीत कुजणे मंदावते, म्हणून ढीग झाकून ऊब राखावी. शेकोटीत प्लॅस्टिक, टायर किंवा रबर जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी कापडी पिशवी किंवा बियाण्याची पुडी द्यावी. होळीत गोवऱ्या व एरंडाची फांदी पुरे. ओली झाडे तोडू नयेत.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीने बाजाराच्या दिवशी भाजीविक्रेत्यांसाठी फक्त ओल्या कचऱ्याचे पिंप ठेवावे. रसवंतीचे चिपाड, नारळपाण्याच्या करवंट्या, हॉटेलातील भाजीची देठे हा एकजिनसी व ओळखीचा माल असतो. जवळच्या शेतकऱ्याने विक्रेत्याशी ठरवून तो थेट न्यावा. मात्र एकही पिशवी मिसळलेली असल्यास भरलेले पिंप परत करावे. सुरुवातीला कुरबूर होईल, पण नियम पक्का राहिला तर सवय लागते. खताचे खड्डे पूररेषेच्या वर व विहिरीपासून दूर घ्यावेत. सांडपाणी खताच्या खड्ड्यात न सोडता त्यासाठी शोषखड्डा करावा.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तथापि, बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी पिशवी हाती घेतली तरच हे कायदे प्रत्यक्षात उतरतील.

बंधू-भगिनींनो, एक इंच सुपीक मातीचा थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. वाडवडिलांनी उकिरडा राखला, म्हणून ती माती आपल्या हाती सुपीक आली. आपणही आजच घरात तीन भांडी ठेवावीत, या हंगामात किमान एका शेतातील पाचट न जाळता कुजवावे आणि पुढील वर्षी त्या शेताचे माती परीक्षण करून आधीच्या अहवालाशी ताडून पाहावे.